ऑगस्टअखेर बुई टेन की सप्टेंबरात डेशूट्स? सॅल्मन आणि स्टीलहेडमध्ये अडकलेल्यांसाठी

दरवर्षी गणपतीच्या आसपास मला एकच प्रश्न येतो. अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंड, बीव्हरटन, हिल्सबरोकडची आपली मंडळी विचारतात, दादा एकच वीकेंड हातात आहे, मासेमारीचं लायसन्स काढलंय, आता कोलंबिया नदीच्या मुखाशी बुई टेनला सॅल्मन धरायला जाऊ का डेशूट्स नदीवर स्टीलहेडला? दोन्हीकडे मी बरीच वर्षं जातोय आणि माझं उत्तर आधी तारीख विचारतं, नदी मग. ऑगस्टचे शेवटचे दोन आठवडे असतील तर बुई टेन. १५ सप्टेंबरच्या पुढचा वीकेंड असेल तर डेशूट्स. मधले दिवस अवघड आहेत, त्यांच्याकडे शेवटी येतो.

आधी मासे समजून घ्या कारण सगळा फरक तिथूनच सुरू होतो. कोकणात पहिल्या पावसात ओढ्यातनं शेतात चढणारे मासे ज्यांनी धरलेत त्यांना जास्त सांगायला नको, सॅल्मन हा चढणीचाच मासा आहे, फक्त त्याची चढण शेकडो मैलांची. नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो, परत आपल्याच नदीत येतो, अंडी घालतो आणि मरतो. (आपल्याकडे रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही, वेगळंच कूळ आहे ते.) स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन मोठा होऊन आलेला रेनबो ट्राउट. तो अंडी घालून मरेलच असं नाही, काही परत समुद्रात जातात आणि पुन्हा येतात. आणि उन्हाळी स्टीलहेड नदीत शिरतो जुलै-ऑगस्टमध्ये पण अंडी घालतो थेट पुढच्या वसंतात, म्हणजे त्याला कसली घाई नसते, महिनोन् महिने नदीत राहतो.

याचा गळाशी संबंध असा की बुई टेनला सॅल्मन अजून अर्धा समुद्रातलाच असतो, पोटात भूक असते, हेरिंग (आमिषाला लावतात तो छोटा समुद्री मासा) दिसली की तोंड मारतो. नदीत वर आलेला स्टीलहेड फारसं खातच नाही, तो समोरून जाणाऱ्या गोष्टीवर चिडून किंवा सवयीनं झडप घालतो, आणि ती झडप त्याला घालावीशी वाटली तरच. म्हणून एकीकडे तुम्ही भुकेल्या माशाला जेवायला वाढताय आणि दुसरीकडे जेवून बसलेल्याला आग्रह करताय. नवीन माणसानं हे मनात पक्कं धरलं की निम्मा निर्णय झाला.

बुई टेन म्हणजे खरोखर दहा नंबरचा बोया, कोलंबियाच्या मुखाशी, तिथून आत अस्टोरियाकडे ही फिशिंग चालते. पोर्टलंडहून दोन तास. पहाटे अंधारात हॅमंड किंवा अस्टोरियाहून होडी निघते, धुकं असतं, घरी ३५ डिग्री असलं तरी इथे जॅकेट लागतंच लागतं, आणि उजाडलं की अस्टोरिया-मेगलर पुलाच्या दोन्ही बाजूंना इतक्या होड्या दिसतात की आपल्याकडच्या बंदरावर नारळी पौर्णिमेला आल्यासारखं वाटतं. काम सोपं असतं. जड शिसं, त्यामागे गोल फिरणारा मोठा फ्लॅशर (माशाचं लक्ष वेधणारी चकचकीत पट्टी), त्यामागे हेरिंग किंवा स्पिनर (फिरत्या पात्याचा गळ), आणि रीळावर किती फूट दोरी सोडली त्याचा आकडा दिसतो. गाइड म्हणतो अमुक फूट, तुम्ही तेवढी सोडता आणि रॉड होल्डरमध्ये ठेवता. मग भरती-ओहोटीच्या हिशोबानं होडी हळूहळू चालत राहते.

मासा लागतो तेव्हा रॉडचं टोक आधी दोन-तीनदा टकटक करतं. तिथंच नवीन माणूस झटका मारतो आणि मासा घालवतो. थांबायचं. टोक पाण्याकडे पूर्ण वाकून तसंच राहिलं, रीळ ओरडायला लागलं की मगच रॉड उचलायचा. माझ्या मेहुण्याला पहिल्याच दिवशी शिनूक जातीचा मोठा सॅल्मन लागला, पंधरा मिनिटं झुंजला, जाळं पाण्यात गेलेलं, आणि होडीपासून हातभर अंतरावर सी लायननं तो मासा ओढून नेला. दोरीला फक्त डोकं उरलं. होडीत कोणी बराच वेळ बोललं नाही. हे तिथं होतं, मनाची तयारी असू दे.

इथे सॅल्मनच्या दोन जाती लागतात, शिनूक साधारण १५ ते २५ पौंडांचा, कोहो ६ ते १२ चा. ओळखायची खूण तोंडात बघा, शिनूकच्या हिरड्या काळ्या आणि शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर ठिपके, कोहोच्या हिरड्या पांढरट आणि ठिपके फक्त वरच्या पाकळीवर. हे पाठ करूनच जा कारण कुठला ठेवायचा आणि कुठला सोडायचा हे त्यावर ठरतं. शिनूकमध्येही दोन जाती लोक बोलताना वेगळ्या करतात, टूली आणि ब्राइट. टूली नदीच्या खालच्या भागातच अंडी घालणारा, लवकर काळपट होतो, मांस फिकट, तो स्मोक करायला बरा. ब्राइट हा कोलंबियात पार वर हॅनफर्ड रीच नावाच्या पट्ट्यापर्यंत जाणारा, चांदीसारखा आणि अंगात चरबी, त्याची चव न्यारीच. ऑगस्टअखेर दोन्ही मिळतात.

आता डेशूट्स. पोर्टलंडहून हायवे ८४ नं पूर्वेला गेलात की दीड-दोन तासांत जंगल संपतं आणि पिवळं गवत आणि काळ्या कातळाचे थर लागतात. मी पहिल्यांदा तिथं उतरलो तेव्हा पाय जमिनीला चिकटले, कारण समोरचा कडा हुबेहूब आपल्या घाटावरचा, पायऱ्यापायऱ्यांचा बेसाल्ट. आपल्या दख्खनसारखाच हाही लाव्ह्याच्या थरांनी बनलेला प्रदेश, वयानं बराच लहान एवढंच. सराटेसुद्धा आहेत तेच! नदीच्या मुखाशी स्टेट पार्क आहे, तिथून पूर्व काठानं जुन्या रेल्वेलाइनचा कच्चा रस्ता वर जातो, लोक सायकलनं जातात आणि सराट्यांनी टायर पंक्चर करून चालत परत येतात. ट्यूबमध्ये सीलंट भरल्याशिवाय जाऊ नका.

इथे होडीतून गळ टाकायला परवानगी नाही. होडी असली तर ती फक्त एका जागेवरून दुसरीकडे जायला, मासेमारी उतरून, पायावर उभं राहून. म्हणजे मांडीभर वाहत्या पाण्यात, शेवाळ धरलेल्या गोलगोल दगडांवर, हातात काठी, कमरेला घट्ट पट्टा. पाण्यात आडवा गळ टाकायचा, प्रवाह त्याला कमानीसारखा ओढत काठाकडे आणतो, दोन पावलं खाली सरकायचं, परत टाकायचा. फ्लाय (पिसं-दोऱ्याचा हलका गळ) टाकता येत नसेल तर साधा स्पिनर किंवा स्पून (चमच्यासारखा धातूचा गळ) चालतो, पण गाभोळी, कोळंबी असलं खायचं आमिष खालच्या नदीत जवळपास कुठेच चालत नाही. आणि ऊन पाण्यावर असताना मासा उठत नाही, पहाटे आणि संध्याकाळी दरीची सावली पाण्यावर पडते तेवढेच तास कामाचे. दुपारी वारा, ऊन, रॅटलस्नेक. दुपारी झोपा.

मला पहिला स्टीलहेड चौथ्या ट्रिपला लागला, सप्टेंबरचा तिसरा आठवडा होता, सूर्य कड्यामागे गेला होता, गळ कमानीच्या शेवटाला आला आणि दोरी एकदम जड झाली, जणू कोणी पाण्याखालून हात धरला, आणि मग तो उडाला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पार लांब. फार तर सहा पौंडांचा असेल. शेपटीच्या अलीकडे पाठीवर जो छोटा मांसल पर असतो तो शाबूत होता, म्हणजे जंगली मासा, हॅचरीच्या, म्हणजे केंद्रात वाढवून सोडलेल्या, माशांचा तो पर लहानपणीच कापलेला असतो. जंगली म्हणजे सोडायचाच. पाण्यातच शेपटीपाशी धरला, प्रवाहाकडे तोंड करून, कल्ले उघडझाप करत होते, आणि हाताला एक झटका देऊन गेला. तेव्हापासून मी या नदीकडे फ्रीजर भरायला जात नाही.

आणि याच मायेपोटी एक गोष्ट आग्रहानं सांगतो. स्टीलहेडची स्थिती चांगली नाही. २०२१ मध्ये इतके कमी आले की ओरेगननं १ सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत डेशूट्सवर स्टीलहेड फिशिंगच बंद केली. कोलंबियावरच्या बोनव्हिल धरणावर १९३८ पासून मासे मोजतात, आता त्या मोजणीवर बघून नदी उघडायची की नाही ते ठरतं. ऑगस्टमध्ये कोलंबियाचं पाणी २० डिग्रीच्या वर जातं तेव्हा स्टीलहेड थंड उपनद्यांच्या तोंडाशी येऊन दम खात बसतात, डेशूट्सचं मुख ही तशीच जागा. तिथे दाटीनं बसलेल्या दमलेल्या माशाला गळ टाकून झुंजवलं की तो सोडल्यावरही मरू शकतो. ऑगस्टमधला डेशूट्स मी टाळायला सांगतो त्याचं मोठं कारण हेच. दुसरं कारण व्हाइट रिव्हर, ही डेशूट्सला मिळणारी नदी माउंट हूडच्या हिमनदीतून येते, उष्णतेची लाट आली की बर्फ वितळून राखाडी गाळ येतो आणि तिच्या संगमाच्या खालचं सगळं पाणी गढूळ, माशाला गळ दिसतच नाही. रात्री थंड पडायला लागलं की हे दोन्ही प्रश्न आपोआप सुटतात.

पैशाचं सांगायचं तर बुई टेनला गाइडच्या होडीत एका माणसाची सीट साधारण २५० ते ३५० डॉलर, वर टिप. रॉड, आमिष सगळं त्यांचं. डेशूट्सला गाइड घेतला तर दोघांचे मिळून ६०० च्या पुढे, पण गाइडशिवायही जाता येतं, वेडर (पाण्यात उभं राहायचा पाणीरोधक पोशाख), बूट आणि काठी यांचा खर्च एकदाच. बुई टेनला स्वतःची छोटी होडी घेऊन जायचा विचार कोणी करत असेल तर पहिल्या वर्षी नको. कोलंबियाचं मुख, तिथे बार म्हणतात, ओहोटी आणि समुद्राची लाट समोरासमोर आली की भयंकर होतं, तिथे आजवर असंख्य जहाजं बुडाली आहेत.

आईवडील भारतातून आलेत, मुलं बरोबर आहेत, तर सरळ बुई टेन. बसून होतं, आत नदीत राहिलात तर डोलणंही समुद्राइतकं नाही. गुडघे दुखणाऱ्यांना डेशूट्सला नेऊ नका. एकट्याला, शांत, मासा नाही लागला तरी दिवस फुकट गेला असं न वाटणाऱ्याला डेशूट्स.

लायसन्सचं थोडक्यात. ओरेगनला लायसन्स तर लागतंच, त्यावर कम्बाइन्ड टॅग (ठेवलेले मासे नोंदवायचा) आणि कोलंबिया बेसिन एन्डॉर्समेंट (कोलंबियाच्या खोऱ्यासाठीची जादा परवानगी), दोन्हीकडे लागतं. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हर किंवा सिॲटलवाल्यांचं तिथलं लायसन्स कोलंबियावर होडीतून चालतं, डेशूट्सवर नाही. ठेवलेला मासा तिथल्या तिथे नोंदवायचा, घरी येऊन नाही. सोडायचा मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, फोटोसाठीसुद्धा. आणि बुई टेनचे नियम सीझनच्या मध्येच बदलतात, कोटा भरत आला की शिनूक एका दिवसात बंद होतो, म्हणून निघायच्या आदल्या रात्री मत्स्य खात्याचं वेबपान बघाच.

कोणी म्हणेल वॉशिंग्टनमधली काउलिट्झ नदी का नाही, सिॲटल आणि पोर्टलंड दोन्हीकडून दोन तासांच्या आत, हॅचरी खालीच मासे जमतात, काठावरून धरता येतात. बरोबर आहे, स्वस्तही आहे, पण तिथल्या बॅरिअर डॅम या बंधाऱ्याखाली खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागतं आणि नवीन माणसाची दोरी शेजारच्यात अडकली की तो बावरतो. एखादा अनुभवी सोबत असेल तरच. सिॲटलवाल्यांना मी विषम वर्षात पिंक सॅल्मन सुचवतो, पुयॅलप किंवा स्कायकोमिश नदीला, तीन-चार पौंडांचे मासे, गुलाबी गळ, ढिगानं येतात, लहान मुलांना पहिला मासा द्यायला याहून चांगलं काही नाही.

धरल्यावर लगेच कल्ला कापून रक्त काढा आणि बर्फात ठेवा, नाहीतर कितीही चांगला मासा असू दे, घरी येईतो वाया. कोहोला आगळ, हळद, मीठ, तिखट लावून रवा फ्राय मस्त होतो. ब्राइट शिनूकला मी मसाला लावत नाही, त्याची चरबीच पुरे. गाभोळी मात्र टाकू नका. इथले लोक ती बोरॅक्समध्ये मुरवून आमिष करतात, आपण तव्यावर घ्यायची.

आता ते मधले दिवस, १ ते १५ सप्टेंबर. आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी बघा, बुई टेनला शिनूक किंवा कोहो उघडा आहे का आणि डेशूट्सला स्टीलहेड उघडा आहे का. बुई टेन उघडं असेल तर तिकडेच जा, कोहो तेव्हा चांगले येतात. तिकडे बंद आणि डेशूट्स उघडी असेल तर पहाटे तिथे पोचा आणि गळ बांधायच्या आधी थर्मामीटर दोरीला बांधून दोन मिनिटं पाण्यात धरा. १८ डिग्रीच्या खाली असेल तर उतरा. दुपारपर्यंत २० कडे सरकलं तर रॉड गाडीत ठेवा आणि परत येताना बोनव्हिलला थांबा, शिनूकची गर्दी त्याच दिवसांत असते, काचेच्या खिडकीतून हातभर अंतरावर ते एकामागून एक धरणातली माशांसाठीची पाण्याची शिडी चढताना दिसतात, माझी मुलगी तिथून हलायला तयार नसते.