घरी केलेलं चावी-इंप्रेशनिंगचं हँडल : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग तपशील. हे हँडल ग्रिप प्लायरपेक्षा कितीतरी चांगलं आहे. गेल्या पावसाळ्यात केलं, आता उन्हाळा चढायला लागलाय आणि मधल्या बहुतेक रविवारच्या सकाळी त्याच्याबरोबर गेल्या. दर वेळी कुलूप उघडलंच असं नाही, पण हँडलमुळे अडलं असं एकदाही झालं नाही.

ज्यांना हा छंद नवा आहे त्यांच्यासाठी इंप्रेशनिंग म्हणजे काय ते थोडक्यात. फ्लॅटच्या दाराला असतं तसल्या सिलिंडर कुलपात साधारण पाच पिना असतात. कोरी चावी आत घालून एका बाजूला पीळ दिला की एखाद-दुसरी पीन अडकते. तसाच पीळ धरून चावी हलकेच वर-खाली डोलवली की ती अडकलेली पीन पितळेवर बारीकशी खूण सोडते. चावी बाहेर काढायची, खूण शोधायची, नेमकं तिथेच कानशीचे दोन-तीन हात मारायचे आणि चावी पुन्हा आत. पीन शिअर लाइनला, म्हणजे कुलूप फिरू देणाऱ्या रेषेला, आली की तिच्याजागी खूण उमटायची थांबते. सगळ्या जागा अशा गप्प झाल्या की कुलूप फिरतं, आणि आपल्या हातात एक चालती चावी असते. पिकने, म्हणजे पिना ढकलायच्या बारीक सळीने, कुलूप उघडलं तर आनंद तेवढ्यापुरताच. इथे रोज वापरता येईल अशी वस्तू तयार होते, मला त्याचंच जास्त अप्रूप.

युरोपात याच्या स्पर्धा होतात. जर्मनीत १९९७ साली सुरू झालेली ‘स्पोर्ट्सफ्रॉइंडे डेर श्पेरटेक्निक’ ही कुलूप उघडण्याचा छंद असणाऱ्यांची संस्था आणि तशीच नेदरलँड्समधली ‘टूल’ ही त्यातली जुनी नावं. घड्याळ लावून, कोऱ्या चावीपासून सुरुवात करून कुलूप उघडायचं. तिथले लोक आपापल्या हँडलवर किती जीव टाकतात हे पाहूनच मला वाटलं की हे हत्यार विकत घेण्यापेक्षा करून बघावं. नाशिकसारख्या गावात तर ते करणं सोपंच. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत तुकडा कापून देणारा, लेथवर उतरवून देणारा, आटे पाडून देणारा कुणी ना कुणी ओळखीचा निघतोच. मी स्वतः अंबडला क्वालिटीत काम करते. पृष्ठभागावरचा ओरखडा शोधणं हेच माझं दिवसभराचं काम, त्यामुळे या छंदात डोळ्याला फारसं शिकवावं लागलं नाही.

आता हँडल. मुळात ते कशाला हवं? चावीचं डोकं नुसत्या बोटांत धरून पुरेसा पीळ देता येत नाही, बोटं दुखतात आणि चावी हातात सरकते. ग्रिप प्लायरने पकड मिळते, पण त्याचे जबडे एका टोकाला उघडतात, म्हणजे चावीचं डोकं एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल अशा पाचरीत बसतं. डोलवताना चावी थोडी तिरकी होते, तिची कड कुलपाच्या तोंडाला घासते, आणि जी खूण पिनेची म्हणून आपण घासायला घेतो ती निघते कुलपाच्या कडेची. इंप्रेशनिंगमध्ये चुकीच्या जागी घासलेलं पितळ परत आणता येत नाही. म्हणून पकड सरळ आणि न हलणारी हवी. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

माझं हँडल असं आहे. २० मिमी जाडीची माइल्ड स्टीलची गोल सळई, लांबी ११० मिमी. पुढच्या टोकाला मधोमध २२ मिमी खोल खाच. ही खाच पाडायला हॅकसॉ फ्रेममध्ये दोन पाती एकाला एक लावून बसवली. एकाच पात्याने पाडलेली खाच अरुंद राहते आणि नंतर कानस आत जात नाही. मग पातळ चपट्या कानशीने ती २.५ मिमीपर्यंत रुंद केली. बहुतेक कोऱ्या चाव्यांची डोकी दोन मिमीच्या आसपास जाड असतात, ती यात आरामात जातात. एका बाजूने ५ मिमी ड्रिल मारून एम-६ चे आटे पाडले, अशी दोन छिद्रं, आणि त्यात ॲलन ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेले, षटकोनी खाचेचे. स्क्रू आणि चावी यांच्यामध्ये पोलादी पट्टीचा एक छोटा तुकडा सरकवते. ही पट्टी फार महत्त्वाची. तिच्याशिवाय स्क्रूची टोकं चावीच्या डोक्यात रुततात, आणि पुढच्या वेळी चावी त्याच खड्ड्यांत बसायला बघते, मग सरळ बसतच नाही.

चावीच्या डोक्याला भोक असतंच, त्यातून बोल्ट आरपार घालावा असं सुचवणारेही आहेत. मला ते पटलं नाही. प्रत्येक कंपनीच्या चावीचं भोक वेगळ्या जागी, वेगळ्या मापाचं. आणि बोल्ट कितीही कसला तरी चावी त्याच्याभोवती किंचित फिरतेच.

सळईचा मागचा भाग लेथवर १२ मिमीपर्यंत उतरवून घेतला आणि त्यावर बाभळीची मूठ बसवली. मूठ बुधवारच्या बाजारात, गोदाघाटावर मिळाली, खुरप्यासाठी असते तशी. तिला आतून १२ मिमीचं भोक पाडून अरल्डाइटने चिकटवली. आडवा टी-दांडा मुद्दाम नाही लावला. दांडा जितका लांब तितका पीळ वाढतो आणि हाताला कळत मात्र कमी. पितळी चावी खोल घासल्यावर त्या जागी अगदी बारीक उरते, तिथे जास्त पीळ म्हणजे अर्धी चावी कुलपात. गोल मुठीत मनगटाचाच जोर लागतो आणि चावी वाकायला लागली की तळहाताला लगेच समजतं. काही जण टी-दांड्याशिवाय काम करतच नाहीत, त्यांच्या हाताला सवय असेल. नवीन माणसाने मात्र गोल मूठच करावी असं मी ठामपणे सांगेन.

रविवार कारंजाजवळ चाव्या करून देणारे एक काका बसतात. हँडल तयार झाल्यावर मी ते त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी चावी न लावताच मूठ दोन-तीनदा फिरवून पाहिली, खाचेत नख घालून कड चाचपली आणि म्हणाले, “ताई, कडेला बर राहिलाय, काढून टाका, चावीवर रेघ मारेल.” बर म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली धातूची धार. मग माझं काम बघायला मागितलं. मी त्यांच्याच एका जुन्या सिलिंडरवर करून दाखवलं. ते म्हणाले, “जोर खांद्यातून नका देऊ, मनगटातून द्या. आणि चावी बाहेर काढल्यावर लगेच कानस नका उचलू. आधी सगळी बघा.” ते स्वतः लिव्हरच्या, म्हणजे पिनांऐवजी आत सपाट पट्ट्या असणाऱ्या, कुलपाची कोरी चावी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काजळी चढवतात आणि काजळी कुठे पुसली गेली ते वाचतात. चिमट्याने धरलेली ती काळी चावी ते प्रकाशात अशी सावकाश फिरवतात की आपलं बोलणं आपोआप थांबतं. इतक्या वर्षांत कमावलेली ही नजर. त्यांच्याकडे बघण्याची लोकांची नजर मात्र अजून ‘चावीवाला’ एवढीच आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बर त्याच दिवशी काढला. सांगितलेल्या पिळाचा फरकही पुढच्याच रविवारी दिसला, खुणा लहान आणि टोकदार यायला लागल्या.

हँडल कितीही चांगलं असलं तरी कानस वाईट असेल तर काही उपयोग नाही. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ अशा कानशी मिळतात. या कामाला स्मूथसुद्धा भरड पडते. तिच्या रेघांमध्येच खूण हरवते. स्विस मापातली ४ नंबर कटची गोल कानस घ्या. या मापात नंबर जितका वाढेल तितकी कानस बारीक. ४ नंबरने पितळावर एकसारखी, मंद मखमली झाक येते आणि तिच्यावर पिनेचा चमकता ठिपका उठून दिसतो. सहा नंबर वापरली तर सगळंच चकचकीत होतं आणि काम संपता संपत नाही. अशा कानशी सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्यांकडे मिळतात. वापरायच्या आधी कानशीवर खडू घासायचा, म्हणजे पितळेचा कीस दातांत रुतत नाही. आणि घासायचं ते पुढे जातानाच. मागे येताना कानस उचलायची.

उजेडाबद्दल मुद्दाम लिहिते, कारण बहुतेक जण इथेच कंटाळतात. वरून सरळ पडणाऱ्या ट्यूबलाइटमध्ये खूण दिसत नाही. टेबललॅम्प खाली, जवळजवळ चावीच्या पातळीला आणायचा आणि हँडल हातात हळूहळू फिरवत राहायचं. एका विशिष्ट कोनात ठिपका लुकलुकतो आणि पुन्हा जातो. गोल मुठीचा फायदा इथेही होतो, कारण बोटांत ती सहज फिरते. प्लायर असा फिरवताच येत नाही. भिंग मी डोक्याला लावायचं वापरते. घड्याळजीचं दहापट मोठं दाखवणारं भिंगही आहे, पण त्यात एका वेळी एकच पीन दिसते आणि शेजारच्या जागेशी तुलना होत नाही.

इतक्या महिन्यांत काय झिजलं? पोलादी पट्टीवर स्क्रूचे दोन खळगे पडले, ती उलटी करून वापरते, दोन्ही बाजू गेल्या की नवी कापेन. ग्रब स्क्रूच्या ॲलनच्या खाचा अजून शाबूत आहेत, पण स्वस्तातली ॲलन की वापरलीत तर राहणार नाहीत; मी सातपूरला तयार होणाऱ्या तापडियाचा संच वापरते, तो घट्ट बसतो. पावसाळ्यात सळईवर दोनदा गंज आला. मशीन ऑइलचा हात फिरवला की जातो, पण मग हाताला लागलेलं तेल चावीवर जातं आणि तेलकट पितळावर खूण दिसत नाही. म्हणून तेल फक्त मागच्या भागाला, आणि चावी दर वेळी मलमलीने पुसून. मार्चनंतर हवा कोरडी झाली तशी बाभळीची मूठ आकसून एका बाजूला बारीक चीर गेली. पकडीला फरक पडलेला नाही, पण पुढची मूठ मी जुन्या, पूर्ण वाळलेल्या लाकडाची करणार.

मर्यादाही आहेत. डिंपल चावीच्या, म्हणजे जिच्या अंगावर खळगे असतात तिच्या, कुलपांना हे हँडल लावता येतं, पण त्यांच्या खुणा चावीच्या कडेवर न येता सपाट अंगावर येतात, तिथे गोल कानस चालत नाही. गोदरेजच्या नवतालसारख्या लिव्हरच्या कुलपांचं गणितच वेगळं, ते काकांचं क्षेत्र. पोलादाच्या किंवा जाड निकेल चढवलेल्या कोऱ्या चाव्यांवर खुणा फारच फिक्या येतात. शिकताना साधी पितळीच घ्या.

खर्च म्हणाल तर सळई भंगारातली, लेथचं काम ओळखीतलं, त्यामुळे हँडलचे शे-दीडशे रुपये. कानशीला त्याहून कितीतरी जास्त गेले, आणि ते बरोबरच आहे. पैसे कमी असतील तर हँडल साधं करा, कानस चांगली घ्या.

एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट. कुलूप स्वतःचं हवं, किंवा मालकाने हातात आणून दिलेलं. आणि वापरातल्या दारावर सराव कधीच नाही, स्वतःच्या घराच्या सुद्धा नाही; पिना झिजतात, चावी तुटली तर रात्री घरात जाता येत नाही. मी दुरुस्तीवाल्यांकडून काढून टाकलेले सिलिंडर आणते आणि लाकडी जबडे लावलेल्या छोट्या व्हाइसमध्ये पकडते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात समाधानकारक कारणाशिवाय घरफोडीचं साधन जवळ सापडणं हा गुन्हा आहे. माझं हँडल, कानशी आणि कुलपं म्हणून घरच्या टेबलाच्या खणातच असतात, काकांना दाखवायला नेलं तेवढं सोडलं तर पर्समध्ये किंवा गाडीच्या डिकीत कधी जात नाहीत. घरी कुणी विचारलं तर त्याच खणातून काढून दाखवते, आणि बघणाऱ्याला कोरी चावी हातात देऊन पहिली खूण स्वतः शोधायला लावते.