गोळी स्वस्त, इंजेक्शन महाग: तीव्र अ‍ॅलर्जिक दम्यात निवड कशी करायची

ताईच्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च दुधाच्या बिलाहूनही कमी होता. छातीच्या डॉक्टरांनी ओमालिझुमॅब या इंजेक्शनचं नाव काढलं आणि महिन्याचा अंदाज सांगितला, तेव्हा भावजींनी दोनदा विचारलं, "महिन्याचा ना?" हाच प्रश्न ज्यांच्या घरात आज पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषध ठरवायचं ते डॉक्टरांनीच, पण समोरासमोर मांडून बघितलं की त्यांना काय विचारायचं ते कळतं.

त्याआधी एक पायरी आहे आणि ती जवळपास फुकट आहे. नेदरलँड्समधल्या एका पाहणीत दमा असलेल्या प्रौढांपैकी जेमतेम ३.७ टक्के लोकांचा दमा खऱ्या अर्थानं तीव्र निघाला. आटोक्यात न येणाऱ्या बाकीच्या बऱ्याच जणांचं औषध चुकत होतं, नाहीतर पंप घेण्याची पद्धत. ताई दहा वर्षं पंप घेत होती. डॉक्टरांनी समोर घ्यायला लावला तेव्हा दिसलं की ती आधी पंप दाबते आणि मग श्वास ओढते. तोवर फवारा टाळ्याला लागून संपलेला! स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावल्यावर रात्रीचा खोकला निम्म्यावर आला. तरी वर्षात चार-पाच वेळा गोळ्यांचा कोर्स लागतच होता, म्हणून पुढचा विचार करावा लागला. तुमच्या घरी ही पायरी झाली नसेल तर इंजेक्शनचा हिशेब आत्ताच मांडू नका.

गोळी की इंजेक्शन?

प्रेडनिसोलोनसारखी गोळी काही तासांत काम करते, कुठल्याही गावात मिळते आणि अ‍ॅटॅकमध्ये जीव वाचवते. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण ती वर्षानुवर्षं चालू राहिली, किंवा कोर्समागून कोर्स होत गेले, की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो आणि शरीराची स्वतःची स्टिरॉइड तयार करण्याची ताकद मंदावते. ताईला ४८ व्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि बाथरूममध्ये साधं घसरली तर मनगट मोडलं. ती दोन्ही बिलं आमच्या घरात कुणी दम्याच्या खात्यावर लिहिली नाहीत. लिहायला हवी होती.

ओमालिझुमॅब हे प्रतिपिंड आहे, म्हणजे शरीरातली एकच ठरावीक गोष्ट पकडणारं प्रथिन. अ‍ॅलर्जीची ठिणगी पाडणारं रक्तातलं आयजीई ते पेशींवर बसण्याआधीच पकडून ठेवतं. अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळालेलं हे औषध दम्यावरच्या प्रतिपिंडांमध्ये सगळ्यात जुनं आहे. २५ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात, दमा बळावण्याचं प्रमाण नुसत्या पाण्याच्या इंजेक्शनवर २६ टक्के होतं, या औषधावर १६ टक्के. दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण ३ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आलं.

या आकड्यांवर जरा थांबा. फरक खरा आहे, पण भरतीचं प्रमाण मुळातच ३ टक्के असेल तर वाचलेल्या हॉस्पिटल बिलांतून इंजेक्शनचे पैसे वसूल होत नाहीत. 'अ‍ॅडमिशन वाचलं की भरून निघेल' असं कुणी म्हणालं तर तुमच्या माणसाची मागच्या वर्षीची भरती मोजा आणि मगच विश्वास ठेवा. औषधाचा फायदा आणि किंमत तोलणाऱ्या अमेरिकेतल्या आयसीईआर या संस्थेनं २०१८ मध्ये दम्याच्या पाच प्रतिपिंडांचा हिशेब केला. निरोगी आयुष्याच्या एका वर्षामागे खर्च ३ लाख डॉलरच्या वर निघाला, म्हणजे ती संस्था वाजवी मानते त्याच्या दुपटीहून जास्त. सरकारी आरोग्यसेवेनं कुठली औषधं द्यायची ते ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१३ मध्ये ओमालिझुमॅबला होकार दिला तो सवलतीच्या दरात आणि अट घालून: गोळ्या कायमच्या चालू हव्यात, नाहीतर वर्षात चार किंवा जास्त कोर्स झालेले हवेत. मला ही अट पटते. इंजेक्शनची बाजू उभी राहते ती गोळ्यांनी होणारं नुकसान टळतं म्हणून.

खर्च वजनावर ठरतो

ओमालिझुमॅबचा डोस वजन आणि आयजीई या दोन गोष्टींवर ठरतो, म्हणून शेजाऱ्याचा खर्च विचारून उपयोग नाही. ५५ किलो वजन आणि आयजीई ९० असेल तर दर चार आठवड्यांनी १५० मिलिग्रॅम, वर्षाला १३ कुप्या. ८० किलो आणि आयजीई ४५० असेल तर दर दोन आठवड्यांनी ३७५ मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाला ६५ कुप्यांइतकं औषध. औषध तेच, खर्च पाचपट. तुमचे दोन आकडे घेऊन डॉक्टरांकडून डोस लिहून घ्या आणि केमिस्टच्या दरानं गुणा. आयजीई हजाराच्या वर असेल तर आधी फुप्फुसातल्या बुरशीची अ‍ॅलर्जी तपासून घ्या. आपल्याकडे ती कमी नाही आणि तिचे उपचार वेगळे आहेत.

दुसरी प्रतिपिंडं

रक्तात इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ३०० च्या वर असतील तर मेपोलिझुमॅब किंवा बेनरालिझुमॅब यांचाही विचार होतो. यांचा डोस मोठ्या माणसांत वजनानं बदलत नाही, आणि इथेच हिशेब फिरतो. ब्रिटनच्या नाइसनं दिलेल्या, सवलतीआधीच्या छापील दरांनी वरच्या ५५ किलोच्या माणसाला ओमालिझुमॅब वर्षाला सुमारे ३,३३० पाउंडांना पडतं, ८० किलोच्या माणसाला सुमारे १६,६५० ला. मेपोलिझुमॅब दोघांनाही १०,९२० ला. आपल्याकडचे दर वेगळे आहेत, पण तुलनेची रीत हीच: अंगानं बारीक आणि आयजीई कमी असेल तर ओमालिझुमॅब, वजन आणि आयजीई दोन्ही जास्त आणि इओसिनोफिलही चढलेले असतील तर दुसऱ्याची चौकशी नक्की करा.

बेनरालिझुमॅब पहिल्या तीन डोसनंतर दर आठ आठवड्यांनी घ्यायचं असतं. प्रत्येक इंजेक्शनसाठी तालुक्याहून शहरात यायचं, सोबतच्या माणसाचा रोज बुडवायचा, अशांना हा फरक मोठा आहे. सोबत जुनाट पित्त अंगावर उठत असेल तर ओमालिझुमॅब दोन्हींवर चालतं, इसब असेल तर ड्युपिलुमॅब. टेझेपेलुमॅब या सगळ्यांनंतर आलं, त्याला आयजीई किंवा इओसिनोफिलची अट नाही.

विमा आणि दर

विमा नियामकानं २०१९ मध्ये जी आधुनिक उपचारांची यादी विमा कंपन्यांना घालून दिली, तिच्यात इंजेक्शननं देण्याची प्रतिपिंडं आहेत. पण पॉलिसीत त्यावर वेगळी मर्यादा असू शकते, आणि इंजेक्शन ओपीडीत घेतलं म्हणून क्लेम नाकारला जाऊ शकतो. पहिल्या डोसआधी लेखी विचारा. आम्ही फोनवरच्या तोंडी उत्तरावर विसंबलो आणि पहिले दोन डोस खिशातून गेले. केमिस्टला ओमालिझुमॅबचं बायोसिमिलर (दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं त्याच्यासारखंच औषध) आहे का तेही विचारा. युरोपनं २०२४ मध्ये आणि अमेरिकेनं मार्च २०२५ मध्ये एकाला मान्यता दिली आहे. स्पर्धा वाढली की दराबद्दल बोलता येतं.

सोळा आठवडे

पहिल्या दिवशी नर्सनं कुपीत पाणी सोडलं आणि ती हलकेच फिरवत बसली. हलवायची नाही, फेस येतो. भुकटी विरघळायला वीस मिनिटं, दाट औषध दंडात जायला आठ-दहा सेकंद, आणि मग तासन्‌तास तिथेच बसून राहायचं, कारण क्वचित कुणाला याचीच तीव्र अ‍ॅलर्जी येते. बसून राहायला कंटाळा आला तरी उठू नका. गोळ्याही पहिल्या इंजेक्शनबरोबर बंद करू नका, त्या डॉक्टर हळूहळू उतरवतात.

सोळा आठवड्यांनी फायदा दिसतो की नाही ते ठरवायचं, आणि दिसत नसेल तर थांबायचं. ही तारीख सुरू करण्याआधीच ठरवून घ्या, नाहीतर 'अजून एक डोस बघू' करत वर्ष जातं. फायदा झाला तरी किती वर्षं, हा प्रश्न उरतोच. पाचेक वर्षं ओमालिझुमॅब घेतलेल्यांच्या एका चाचणीत पुढचं वर्षभर ते चालू ठेवणाऱ्यांपैकी ६७ टक्क्यांचा दमा बळावला नाही, बंद केलेल्यांपैकी जवळपास ४८ टक्क्यांचा. ताईनं फ्रिजच्या दारावर कॅलेंडर लावलंय. गोळीचा कोर्स लागला की लाल गोल. पहिल्या सोळा आठवड्यांत एकच आहे, तोही दुसऱ्या आठवड्यातला.