रेतनाच्या कंटेनरमधून प्रोटीनचे नमुने पुण्याला : ७ महिन्यांचा अनुभव

गेल्या आठवड्यात कंटेनरच्या मानेला घाम फुटला आणि दोन आठवडे पुरणारा नायट्रोजन चार दिवसांत उडाला. तेव्हा म्हटलं, आता लिहूनच टाकू.

कंटेनर द्रव नायट्रोजनचा, ३ लिटरचा, जुना. जालन्याकडं जनावरांचं कृत्रिम रेतन करणाऱ्या मामांकडून नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत घेतला. मास स्पेक (रेणूंचं वजन मोजणारं यंत्र) पुण्यात, आम्ही छत्रपती संभाजीनगरात. म्हणून जड पाण्यातलं लेबलिंग (प्रोटीनमधल्या हायड्रोजनच्या जागी जड पाण्यातला ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, बसवणं; हेच एक्सचेंज) इथंच करायचं, क्वेंच करून (थंडी आणि आम्लानं एक्सचेंज मंदावून) लगेच नायट्रोजनमध्ये गोठवायचं आणि मित्राच्या गाडीनं न्यायचं. काचा उघड्या ठेवून, कारण बंद गाडीत नायट्रोजन साठला तर माणूसच आडवा होईल. मे महिन्यात हे सुख ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक.

आता बूच. एवढ्या चांगल्या भांड्याला इतकं फालतू बूच कुणी दिलं, देव जाणे. थर्माकोलचा दांडा सैल, वरचा कंगोरा तुटका, खड्डा आला की टुणकन वर. मी चिकटपट्टी गुंडाळून गच्च बसवणार होतो, तर मामा ओरडलेच, "सर, दाबून बसवायचं नाही! वायूला वाट पाहिजे, नाहीतर फुटंल." बरोबरच आहे. द्रवाचा वायू होताना तो ७०० पटीच्या आसपास फुगतो. तरी पाच स्टारांतला एक मी बुचासाठीच कापला होता.

पहिल्या दोन खेपा झकास. पूर्ण ड्यूटेरेटेड कंट्रोलमध्ये (ड्यूटेरियमनं पूर्ण भरलेल्या, तुलनेच्या नमुन्यात) बॅक एक्सचेंज, म्हणजे ड्यूटेरियम जाऊन परत साधा हायड्रोजन बसणं, तीस टक्क्यांच्या घरात. तिसऱ्या खेपेला मात्र काही पेप्टाइडमधला (प्रोटीनच्या तुकड्यांमधला) निम्मा ड्यूटेरियम गायब, आणि तीन रेप्लिकेटची (त्याच प्रयोगाच्या पुन्हा केलेल्या नमुन्यांची) तोंडं तीन दिशांना. माझा निकाल तयार होता : बूच! मामांना फोन करून नको ते बोललो.

ते शांतपणे म्हणाले, "पट्टी टाकली होती का?" टाकली होती. लाकडी पट्टी बुडवायची, काढून हवेत हलवायची, जिथवर पांढरं दव धरतं तिथवर नायट्रोजन. पुण्यात पोचलो तेव्हा चार बोटं शिल्लक होतं.

"मग आत काही बिघडत नसतंय सर. माल बिघडतो तो वितळवताना. आम्ही वीर्याची स्ट्रॉ ३७ डिग्रीच्या पाण्यात घड्याळ लावून ३० सेकंद धरतो. तुम्ही कसं करता?"

मी मुठीत धरत होतो. पहिली ट्यूब चाळीस सेकंद, दुसरी गप्पांच्या नादात दीड मिनिट. ० अंश आणि २.५ पीएच जपायला जीव काढायचा, आणि शेवटच्या मिनिटाला हाताची ऊब द्यायची! तापमान १० अंशांनी चढलं की एक्सचेंज तिपटीनं पळतं, हे मी मुलांना शिकवतो.

तेव्हापासून एका वेळी एकच ट्यूब, ठरलेलं पाणी, टायमर, आणि शेवटचा बर्फाचा कण विरघळतोय तोच सिरिंजमध्ये. कंट्रोललाही तीच वागणूक. क्रम चिठ्ठ्या टाकून, म्हणजे पेप्सिन कॉलम (प्रोटीनचे तुकडे करणारी नळी) दमला तरी त्याची शिक्षा एकाच टाइम पॉइंटला (लेबलिंगच्या एकाच वेळेच्या नमुन्यांना) नको. मधे नमुन्याशिवाय कोरे रन, कारण आधीच्या नमुन्याचे पेप्टाइड कॉलमला चिकटून राहतात. पीएचही क्वेंच बफरचा नाही, नमुन्यात मिसळून झाल्यावरचा बघतो. शुद्ध जड पाण्यात मीटरचा आकडा पीडीपेक्षा (जड पाण्यातल्या पीएचपेक्षा) ०.४ नं कमी येतो, मिश्रणात जड पाणी जितकं कमी तितका हा फरकही कमी, तेही धरून. पाचव्या खेपेला रेप्लिकेट एकमेकांवर असे बसले, की मित्राला त्या खेपेचं डिझेल माझ्याकडून.

बुचाचा स्टार परत दिला. मामांना जालन्याला जाऊन पेढेही दिले.

आणि आता हा घाम. दुकानदार म्हणतो, "व्हॅक्यूम गेलं, दुरुस्ती होत नाही, नवा घ्या." भाव ऐकून मलाच घाम फुटला. बघू तरी म्हटलं तर भंगारात किलोवर घेतो म्हणाला. मामांकडं अजून एक आहे म्हणे, दीड लिटरचा. रविवारी जातोय. बूच मात्र आधी हातात घेऊन बघणार.