इनडोअर सामन्यांसाठी कॅमेरा: फोकस कसा लावायचा, स्टॅबिलायझेशन किती मोजायचं

इनडोअर सामना टिपून आल्यावर खराब फोटो लगेच उडवू नका. आधी शंभर टक्के मोठे करून बघा. मागचे प्रेक्षक स्पष्ट आणि खेळाडू धूसर असेल, तर फोकस चुकलाय. कोर्टवरच्या रेषा स्पष्ट, पण खेळाडूचे हातपाय ओढल्यासारखे दिसत असतील, तर शटर स्पीड कमी पडला, म्हणजे शटर गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं राहिलं. आणि रेषा, भिंती, माणसं सगळंच एका दिशेला सरकलेलं दिसलं, तर तुमचा हात हलला. स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी लेन्समधली किंवा बॉडीतली सोय, हे फक्त या तिसऱ्या दुखण्यावरचं औषध आहे. माझ्या फोटोंत हे दुखणं सगळ्यात कमी आढळतं, आणि लेन्स घेताना चौकशी मात्र बहुतेक जण त्याचीच करतात.

कारण साधं आहे. २०० मिमी लेन्स हातात धरून वापरायला ढोबळ नियमाने १/२०० सेकंद पुरतो. पण बॅडमिंटन किंवा बास्केटबॉलला आपण १/८०० ते १/१००० वर असतो. सेकंदाला ५ मीटर धावणारा खेळाडू १/२५० मध्ये २ सेंटिमीटर सरकतो, १/१००० मध्ये ५ मिलिमीटर. हे सरकणं कुठलीही स्टॅबिलायझेशन थांबवू शकत नाही. शटलचं तर विचारूच नका. बॅडमिंटनपटू सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीचा २०२३ मधला विक्रमी स्मॅश ताशी ५६५ किलोमीटरचा होता. त्या वेगाने रॅकेटवरून सुटलेलं शटल १/१००० मध्ये साधारण १६ सेंटिमीटर जातं. ते पुसट आलं तर येऊ द्या, चेहरा स्पष्ट हवा.

म्हणून ‘एफ/४ आणि स्टॅबिलायझेशन’ की ‘एफ/२.८, पण स्टॅबिलायझेशन नाही’ असा पेच असेल, तर दुसरी लेन्स घ्या. एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं तोंड मोठं. दुप्पट प्रकाश मिळतो, म्हणजे आयएसओ (प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ६४०० ऐवजी ३२०० वर भागतं. शिवाय अंधाऱ्या हॉलमध्ये फोकसलाही त्या जास्तीच्या प्रकाशाचा आधार होतो.

लेन्समध्ये किंवा बॉडीत स्टॅबिलायझेशन असेलच, तर बंद करावी का? मी चालू ठेवतो, पण नेहमीच्या मोडवर नाही. नेहमीच्या मोडमध्ये कॅमेरा झटकन वळवला की फ्रेम मागे ओढल्यासारखी वाटते आणि नेमक्या क्षणी खेळाडू कडेला जातो. निकॉनमध्ये यासाठी ‘स्पोर्ट’ मोड आहे. कॅनन आणि सोनीच्या अनेक मोठ्या लेन्सवर १, २, ३ असं बटण असतं: १ नेहमीचा, २ पॅनिंगचा (खेळाडूबरोबर कॅमेरा एका दिशेने फिरवत टिपण्याचा), ३ वेड्यावाकड्या पळापळीचा. कॅननच्या ३ मध्ये सुधारणा फक्त शटर उघडताना होते, त्यामुळे व्ह्यूफाइंडर डगमगतच राहतो. ज्यांना स्थिर चित्र बघत फ्रेम लावायची सवय आहे त्यांना ते नकोसं वाटेल. हॉलमधल्या सायकल ट्रॅकवर १/६० ला पॅनिंग करायचं असेल, तर २ च.

आता फोकस. सिंगल (एकदा लागून थांबणारा) की कंटिन्युअस (खेळाडूबरोबर सतत बदलणारा), हा प्रश्नच नाही. कंटिन्युअसच, म्हणजे कॅननवर सर्व्हो, बाकीच्यांवर एएफ-सी. खरी निवड पुढे आहे.

पहिली निवड फोकसच्या जागेची. बॅडमिंटन एकेरीत समोर एकच माणूस असतो, तिथे मोठा झोन (फोकस शोधायचा फ्रेममधला भाग) आणि डोळे ओळखणारी सुविधा यांची जोडी छान जमते. जाळीमागून टिपतानाही ती माणूस शोधत असल्याने जाळीवर कमी अडकते. बास्केटबॉलमध्ये मात्र दहा चेहरे. पूर्ण फ्रेम मोकळी सोडली की फोकस या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर उड्या मारतो. तिथे छोट्या चौकटीने खेळाडू निवडा आणि मग ट्रॅकिंगला पुढे नेऊ द्या. जुना डीएसएलआर असेल तर एक पॉइंट आणि त्याभोवतीचे मदतनीस पॉइंट हे मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. निव्वळ एकच पॉइंट कोऱ्या जर्सीवर पडला की त्याला पकडायला काही मिळत नाही. नंबरावर किंवा गळ्याच्या पट्टीवर ठेवा.

दुसरी निवड चिवटपणाची, आणि इथे बहुतेक जण काही न बदलता सोडून देतात. मधून पंच गेला तर फोकसने खेळाडूला धरून ठेवायचं, की लगेच पंचावर जायचं? कबड्डीत चढाईपटूला तिघं-चौघं घेरतात तेव्हा फोकस चिवटच हवा. पासिंगच्या खेळात तो पटकन सुटावा असं वाटतं, पण त्यासाठी फोकस शटरऐवजी कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर घ्या आणि खेळाडू बदलताना अंगठा उचलून पुन्हा दाबा. मग तिथेही चिवट सेटिंग चालतं. फक्त शेवटच्या टोकाला नेऊ नका, कारण चुकीच्या माणसावर बसलेला फोकस तिथेच रेंगाळतो. मी मधल्यापासून एक पायरी चिवटाकडे ठेवतो. दोन ब्रँड वापरणाऱ्यांनी आकडे नीट पाहावेत: सोनीवर १ म्हणजे सगळ्यात चिवट आणि ५ म्हणजे चपळ, निकॉनच्या लॉक-ऑनमध्ये (चिवटपणाचं तिथलं नाव) नेमकं उलटं. कॅननवर उणे बाजू चिवट.

बर्स्टमध्ये, म्हणजे एकामागोमाग भराभर फोटो घेताना, आधी फोकस की आधी शटर? पहिल्या फ्रेमला फोकस, पुढच्यांना वेग, असं वेगळं ठरवता येत असेल तर तेच करा.

बर्स्टमधले काही फोटो काळपट येत असतील तर दोष फोकसचा नाही, दिव्यांचा आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. दिव्याच्या उजळ क्षणी शटर सोडणारी अँटी-फ्लिकर सुविधा चालू करा. शटर किंचित उशिरा सुटेल, तेवढं सोसावं.

चिवटपणाचा आकडा सामन्यात ठरवू नका. वॉर्म-अपच्या वेळी पंचाच्या खुर्चीमागून येणारा एकच खेळाडू दोन वेगवेगळ्या आकड्यांवर टिपा आणि खुर्ची ओलांडल्यानंतरची पहिली फ्रेम मोठी करून बघा.