मॉन्टे कार्लो, माद्रिद, रोम की पॅरिस? लाल मातीवरची पुरुष एकेरी कुठे जाऊन बघावी

युरोपची एक सहल ठरते आहे आणि त्यात लाल मातीवरचं टेनिस प्रत्यक्ष बघायचं आहे, असं ज्यांचं चाललं आहे त्यांच्यापुढे मोठे पर्याय चार. एप्रिलच्या पूर्वार्धात मॉन्टे कार्लो, एप्रिलअखेरीस सुरू होणारं माद्रिद, मे महिन्यात रोम आणि मेअखेर ते जूनची सुरुवात फ्रेंच ओपन. बहुतेक जण नावाकडे बघून सरळ पॅरिस म्हणतात. माझं मत वेगळं आहे. निव्वळ पुरुष एकेरीसाठी जाणार असाल, तर मॉन्टे कार्लो गाठा, आणि तिथलाही गुरुवार धरा.

याचं कारण ड्रॉमध्ये, म्हणजे कोण कुणाशी आणि कधी खेळणार याच्या मांडणीत आहे. मॉन्टे कार्लोला एकेरीत 56 खेळाडू, पहिल्या आठ मानांकितांना पहिल्या फेरीत बाय (म्हणजे न खेळताच दुसऱ्या फेरीत प्रवेश), आणि रविवार ते रविवार असा आठ दिवसांत सगळा खेळ आटोपतो. गुरुवार उजाडतो तेव्हा 16 जण उरलेले असतात आणि उपांत्यपूर्व फेरीच्या आधीचे आठही सामने त्याच दिवशी होतात. शिवाय इथे महिलांची स्पर्धा नसते, त्यामुळे मोठ्या कोर्टांवर दिवसभर पुरुषांचेच सामने. एका दिवसात इतकं दर्जेदार खाद्य बाकी तिन्हीकडे मिळणं अवघड.

माद्रिद आणि रोमचं गणित निराळं. दोन्हीकडे आता 96 खेळाडू असतात, 32 मानांकितांना बाय असतो आणि स्पर्धा जवळजवळ दोन आठवडे चालते. म्हणजे पुरुषांच्या पहिल्या फेरीच्या दोन दिवसांत एकही मानांकित खेळाडू एकेरीच्या कोर्टावर उतरत नाही. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून हेच दिवस घेतले, तर अल्काराझ किंवा सिनरसारखे अव्वल खेळाडू फार तर सरावाच्या कोर्टावर दिसतील. पॅरिसला बरोबर उलटं. तिथे 128 खेळाडू, बाय कुणालाच नाही. पहिल्या रविवार-सोमवार-मंगळवारात पुरुषांचे 64 सामने होतात, त्यामुळे या तीन दिवसांत प्रत्येक मानांकिताला खेळावंच लागतं. थोडक्यात पॅरिसला लवकर जा, रोमला उशिरा जा. तारखा ठरवताना ही एवढी गोष्ट पाळली तरी निम्मं काम झालं.

आता मॉन्टे कार्लोच्या उण्या बाजू. विजेत्याला क्रमवारीचे एक हजार गुण देणाऱ्या मास्टर्स स्पर्धांपैकी ही एकच अशी आहे, जिथे वरच्या खेळाडूंना खेळणं सक्तीचं नाही. एखादा मोठा खेळाडू विश्रांती घेतो आणि येतच नाही. मुख्य कोर्टावर छत नाही, त्यामुळे पाऊस आला की खेळ थांबतो. आणि मोनॅकोतलं राहणं आपल्या खिशाला परवडणारं नाही. पण स्पर्धा जिथे होते तो क्लब मुळात मोनॅकोत नाहीच. तो हद्दीला लागून, फ्रान्सच्या रोकब्रून-काप-मार्तँ गावात आहे. मुक्काम नीसला करायचा आणि सकाळी समुद्राच्या कडेनं जाणारी लोकल पकडायची. मोनॅकोपर्यंत अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं.

कोर्ट डोंगरउतारावर आणि समोर भूमध्य समुद्र. एप्रिलची गार, दमट हवा आणि समुद्रावरचा वारा यामुळे चेंडू जड होतो, जोरात मारलेला फटकाही परत येतो आणि गुण कमवावाच लागतो. नदालनं इथे 11 वेळा विजेतेपद मिळवलं, त्यातली 2005 ते 2012 अशी आठ ओळीनं. त्सित्सिपासनं तीनदा जिंकलं. आपल्यासाठी आणखी एक आठवण आहे. 2024 मध्ये सुमित नागल पात्रता फेरीतून वर आला, पहिला सेट 5-7 असा गमावूनही इटलीच्या मातेओ अर्नाल्दीला हरवलं, आणि पुढच्या फेरीत होल्गर रूनकडून एक सेट काढून मगच हरला. या स्पर्धेच्या मुख्य फेरीत भारतीय खेळाडू एकेरी खेळल्याला तेव्हा 42 वर्षं उलटली होती. 1982 मध्ये रमेश कृष्णन खेळले होते.

रोमवर माझा जीव आहे हे लपवत नाही. तिथली स्पर्धा होते त्या फोरो इटालिको संकुलात पिएत्रांजेली नावाचं कोर्ट आहे. जमिनीखाली खोदलेलं, पांढऱ्या संगमरवरी पायऱ्यांचं, आणि वर कडेनं संगमरवरी पुतळे उभे. कठड्याशी उभं राहून खाली बघितलं की खेळाडू घसरत चेंडूपर्यंत कसा पोचतो, बुटाची लांबलचक रेघ मातीत कशी उमटते, हे टीव्हीवर कधीच दिसत नाही इतकं स्पष्ट दिसतं. मग प्रेक्षक. 1976 साली आद्रियानो पानात्तानं ही स्पर्धा जिंकली, त्यानंतर 2025 पर्यंत इटलीच्या एकाही पुरुषाला इथे विजेतेपद मिळालं नव्हतं. त्या वर्षी तीन महिन्यांच्या बंदीनंतर इटलीचा सिनर याच स्पर्धेतून परतला आणि अंतिम फेरीपर्यंत पोचला. तिथे अल्काराझनं त्याला 7-6, 6-1 असं हरवलं. इटालियन खेळाडूचा सामना रोममध्ये बघणं हा अनुभव वेगळाच, शेजारचा अनोळखी माणूससुद्धा प्रत्येक गुणावर तुमच्याशी बोलायला लागतो.

2006 ची रोमची अंतिम लढत ज्यांनी बघितली ते ती विसरत नाहीत. पाच तास पाच मिनिटं. फेडररच्या हातात दोन मॅच पॉइंट होते, तरी पाचव्या सेटच्या टायब्रेकरमध्ये नदाल जिंकला. दोघंही इतके दमले की पुढच्याच हॅम्बर्गच्या स्पर्धेतून त्यांनी माघार घेतली. पुढच्या वर्षीपासून मास्टर्सच्या अंतिम लढती तीन सेटच्या झाल्या. त्यामुळे रोममध्ये आता तसा सामना होणार नाही, पाच सेटची झुंज बघायची तर पॅरिसच.

माद्रिदबद्दल फार लिहीत नाही. शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, हवा विरळ, त्यामुळे चेंडू सुसाट जातो आणि जबरदस्त सर्व्हिस करणाऱ्यांचं फावतं. 2021 च्या अंतिम फेरीत झ्वेरेव्ह आणि बेरेत्तिनी हे जोरदार सर्व्हिसवाले दोघं समोरासमोर आले, ते उगीच नाही. नदालची मातीवरची विजेतेपदं पॅरिसला 14, रोमला 10 आणि माद्रिदच्या मातीवर चारच, तीही स्वतःच्या देशात. सोय मात्र उत्तम. काहा माखिका संकुलात तीन कोर्टांवर सरकतं छत आहे, पावसानं दिवस वाया जाण्याची धास्ती नाही. दोन-चार फटक्यांत गुण संपणारं, आक्रमक टेनिस आवडणाऱ्यानं इथे खुशाल जावं. ज्याला माती बघायची आहे त्यानं आपली एकमेव सहल यावर खर्च करू नये.

पॅरिसची ओढ मला समजते. 2025 च्या अंतिम लढतीत चौथ्या सेटमध्ये अल्काराझ 3-5 असा मागे, स्वतःच्या सर्व्हिसवर 0-40, म्हणजे सिनरला विजेतेपदासाठी तीन संधी. तिन्ही वाचवून तो पाच तास 29 मिनिटांनी जिंकला. असं नाट्य पाच सेटच्या सामन्यातच घडतं. शिवाय चेंडू आत की बाहेर हे सांगायला 2025 मध्येही तिथे रेषेवर माणसंच उभी होती. एटीपी या पुरुष व्यावसायिक टेनिसच्या संघटनेच्या स्पर्धांत आता निर्णय यंत्र देतं. पॅरिसला मात्र शंका आली की पंच खुर्चीवरून उतरून मातीतली खूण शोधतो आणि सगळं स्टेडियम श्वास रोखून त्याच्या बोटाकडे बघतं. माद्रिदला त्याच वर्षी झ्वेरेव्हनं यंत्राचा निर्णय न पटल्यानं खुणेचा फोनवर फोटो काढला, तर त्याला ताकीद मिळाली.

पॅरिसला जाणार असाल तर मुख्य कोर्टाच्या तिकिटामागे लागू नका. बाहेरच्या कोर्टांचं तिकीट घ्या आणि पहिल्या तीन दिवसांतलं घ्या. जागा राखीव नसते, आधी येईल त्याला मिळते. एका कोर्टावर पाचवा सेट सुरू झाल्याचं कळलं की तिकडे धावायचं. रात्रीच्या सत्राचं तिकीट वेगळं असतं आणि त्यात एकच सामना मिळतो. तो तीन सेटमध्ये आटोपला तर दोन तासांत परत. तिकिटावर नाव असतं, ओळखपत्र तपासतात, म्हणून कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळावरून घेण्याचा मोह टाळा. अधिकृत संकेतस्थळावर लोक आपली तिकिटं परत विकायला काढतात, तिथे रोज डोकावत राहा.

मुलाबाळांसह जाणाऱ्यांचा हिशोब अर्थात वेगळा. मॉन्टे कार्लोच्या वेळी आपल्याकडे शाळांच्या वार्षिक परीक्षा असतात. रोम आणि पॅरिस उन्हाळ्याच्या सुट्टीत येतात. घरातल्या सगळ्यांना टेनिसचं वेड नसेल तर रोम घ्या, एक दिवस फोरो इटालिको आणि बाकी दिवस शहर. फ्रान्स, स्पेन आणि इटली या तिन्ही देशांना शेंगेन व्हिसा लागतो आणि मॉन्टे कार्लोसाठी तो फ्रान्सचा काढावा लागतो. मुंबईत उन्हाळ्याआधी भेटीची वेळ मिळायला त्रास होतो, त्यामुळे ड्रॉ जाहीर व्हायची वाट बघत बसू नका. बसायला जागा निवडता आली तर बेसलाइनमागची (कोर्टाच्या टोकाच्या रेषेमागची) उंच जागा सोडून बाजूची, खालच्या रांगेतली निवडा. फिरकीचा चेंडू टप्पा घेऊन खेळाडूच्या खांद्यापर्यंत कसा उसळतो, ते तिथूनच कळतं.

यंदा जमलंच नाही, तर घरी बसून बघण्यासाठी पॅरिस सर्वात सोयीचं. तिथे सकाळी 11 ला खेळ सुरू होतो तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात आणि रविवारची अंतिम लढत संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास लागते.