डीडीचा आकडा आणि पेनड्राइव्हचा खरा वेग: आठ महिन्यांनंतर

गेले आठ महिने आठवड्यातून दोनतीनदा तरी लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची एका फाइलमधली प्रत, म्हणजेच इमेज) पेनड्राइव्हवर चढवतोय, तेही डीडी या डेटा जसाच्या तसा उतरवणाऱ्या कमांडने. किती लिहून झालं आणि किती वेगाने हे दाखवणाऱ्या तिच्या ‘स्टेटस=प्रोग्रेस’ या पर्यायावर आता माझा काडीचा भरवसा नाही. सोय चांगली आहे. डीडी ज्या संचात मिळते त्या कोअरयुटिल्सच्या २०१५ मधल्या ८.२४ आवृत्तीत ती आली, त्याआधी दुसऱ्या टर्मिनलमधून यूएसआर१ सिग्नल पाठवून आकडा काढावा लागायचा. पण हा आकडा मोजतो भलतंच.

पहिल्याच आठवड्यात फसलो. दीड जीबीची इमेज, जुना यूएसबी २.० ड्राइव्ह आणि स्क्रीनवर सेकंदाला ९०० एमबी! यूएसबी २.० ची कागदावरची कमालच ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. तिथेच डोकं चालायला हवं होतं. दोन सेकंदांत आकडा पूर्ण झाला, पण प्रॉम्प्ट काही परत येईना. कंट्रोल-सीलाही दाद नाही. अडकलं असेल म्हणून ड्राइव्ह उपटला. बूट मेनू छान दिसला, पुढे स्क्वॅशएफएसच्या (आयएसओतली आकुंचित फाइल सिस्टिम) एरर्सची रांग.

झालं असं, की डीडीने सगळा माल रॅममधल्या पेज कॅशेत (ड्राइव्हवर जाण्याआधी डेटा थांबतो ती जागा) टाकला आणि हात झटकले. माझ्या मशीनला रॅम १६ जीबी. असा लिहायचा राहिलेला माल मोकळ्या मेमरीच्या साधारण १० टक्क्यांपर्यंत असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) निवांत असतो, २० टक्क्यांच्या आसपास लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला अडवतो. एवढीशी इमेज त्यात सहज मावली. ड्राइव्हवर खरं लिखाण तेव्हा कुठे सुरू होत होतं.

तेव्हापासून शेजारी एक टर्मिनल उघडं असतं: ‘वॉच’ (तीच कमांड पुन्हा पुन्हा चालवणारी) लावून प्रॉकमधल्या मेमइन्फो या मेमरीचा हिशोब देणाऱ्या फाइलच्या ‘डर्टी’ (लिहायचा बाकी माल) आणि ‘राइटबॅक’ (आत्ता लिहिला जाणारा) या दोन ओळी. डर्टी हळूहळू उतरताना बघणं हीच खरी प्रगती.

पुढे कॅशे टाळून थेट ड्राइव्हवर लिहिणाऱ्या ‘ओफ्लॅग=डायरेक्ट’वर आलो, सोबत ‘बीएस=४एम’, म्हणजे एका वेळी ४ एमबीचा तुकडा. बीएस विसरलात तर ५१२ बाइटांचे घास घेत रात्र काढाल. आता आकडा सेकंदाला सात एमबीवर रखडतो, मध्येच थांबतो, पण खरा असतो. सगळं ड्राइव्हवर पोचेपर्यंत डीडीला थांबवणारा ‘कॉन्व्ह=एफसिंक’ही लावतोच. टक्केवारी हवी म्हणून आधी पीव्ही (पाइपमधून जाणाऱ्या डेटाची प्रगती दाखवणारी कमांड) जोडून पाहिलं; पाइपमधून तुकडे अर्धवट येतात, मग पूर्ण तुकडा भरेपर्यंत वाचायला लावणारा ‘आयफ्लॅग=फुलब्लॉक’ लागतो. एवढा खटाटोप नको म्हणून हल्ली भागाकार मनातच करतो.

‘सीएमपी’ या दोन प्रती ताडून पाहणाऱ्या कमांडने पडताळणी मात्र ड्राइव्ह काढून पुन्हा लावल्यावरच, नाहीतर कॅशेतलीच प्रत वाचली जायची. गेल्या महिन्यात एक खराब ड्राइव्ह असाच पकडला, डीडीने शेवटपर्यंत हूं की चूं केलं नव्हतं.