अॅक्रिलिकचा फर्मा की स्टीलची डाय?

चामड्याचं कार्डहोल्डर, किचेन असलं काही बनवून विकायचं तर सगळे तुकडे सेम टू सेम निघायला हवेत, नाहीतर शिवताना भोकंच जुळत नाहीत. ३ मिमी अॅक्रिलिक लेझरने कापून आणलं की फर्मा (चामड्यावर ठेवून कडेकडेने कापायचा साचा) तयार, स्वस्तात काम होतं आणि डिझाइन बदललं तरी जीवावर येत नाही. पण मग सगळा खेळ हाताचा, रापी (चामडं कापायची सुरी) किंवा कटर जरा तिरका धरला की वरची बाजू बरोबर आणि खालची मिलिमीटरभर बाहेर, त्यात मऊ क्रोम लेदर (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं) तर पात्याबरोबर ओढलंच जातं, गोल कोपऱ्यात हमखास (तिथे सरळ कॉर्नर पंच मारा, सुटाल). डायचं, म्हणजे तुकड्याच्या आकाराच्या धारदार स्टीलच्या साच्याचं, तसं नाही, चामड्यावर ठेवून प्रेसखाली दाबली, की कोपरे, शिलाईची भोकं सगळं एका दमात. खर्च मात्र दणकून, वर प्रेस पाहिजेच, कारण मोठी डाय हातोड्याने ठोकली की एक कड कापते आणि दुसरी तशीच राहते. आणि पोटाकडचं ताणणारं कातडं, डाग, ओरखडे टाळायला फर्मा असो की डाय, डोळे उघडे ठेवावे लागतातच. माझं म्हणाल तर डिझाइन पक्कं होऊन ऑर्डरी रिपीट यायला लागेपर्यंत फर्माच बरा. बेल्टच्या पट्ट्यांना दोन्ही नको, स्ट्रॅप कटर घ्या.